पंचशील आणि एक सेमी-ऑटोमॅटिक

आमच्या घरी चोरी झाली ती भरदिवसा, आणि फार निवडक झाली. चोरांनी टीव्ही नेला, व्हीसीआर नेला, मीराला तिच्या आईने लग्नात घातलेल्या पाटल्या नेल्या. पण माझा स्टीरिओ नेला नाही. म्हणजे, न्यायला उचलला होता. हॉलमधून पुढच्या दारापर्यंत आणला, तिथे बहुधा उजेडात नीट पाहिला, आणि उंबऱ्यातच ठेवून गेले. तो स्टीरिओ मी तीन महिने मासिकं वाचून, फ्रीमाँटपासून सॅन होजेपर्यंतची सगळी दुकानं पालथी घालून, मध्यम किमतीत सर्वोत्तम म्हणून निवडला होता. चौकशीला आलेला पोलीस त्याला अडखळला आणि म्हणाला, "हा नाही नेला?" त्या 'हा'मध्ये जो सूर होता तो मला अजून ऐकू येतो.

वस्तूंचं काही नाही हो, विम्यातून थोडंफार येतंच. गेली ती मीराची झोप. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या रक्ताच्या बाटल्या हाताळते, घाबरट म्हणावी अशी बाई नाही. पण चोरीनंतर ती रात्री उठून उठून कड्या बघायला लागली. मागच्या अंगणात उघडणारं सरकतं काचेचं दार आहे, त्याच्या खाचेत तिने लाटणं आडवं घालून ठेवलं. कोणी बाहेरून दार सरकवलं तर लाटण्याला अडेल. चोर आत येईना, हे खरं. पण चपात्याही बंद झाल्या. आम्ही ब्रेड खाऊ लागलो.

अशाच एका ब्रेडच्या जेवणावर मीरा म्हणाली, "मी बाबांशी बोलले. डिसेंबरात मी आणि रोशनी नागपूरला जातो. ते शाळेची चौकशी करताहेत."

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

"शाळेत घालतात ते काय दिवसांसाठी असतं?"

रोशनी आमची मुलगी, नऊ वर्षांची. ती म्हणाली, "डू दे हॅव सॉकर देअर?" या दोघी गेल्यावर या टाउनहाउसमध्ये मी, हप्ते आणि चोरांनी नाकारलेला स्टीरिओ, एवढेच उरणार. "नका जाऊ गं, मला करमणार नाही," असं म्हणायला पाहिजे होतं. पण आमच्या घराण्यात आभाळ कोसळलं तरी पुरुष "बघू" म्हणतो. मी "बघू" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून अर्लने विचारलं, वाइफ कशी आहे. अर्ल आमचा शेजारी, मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेला, साडेसहा फूट उंच आणि मनाने लोण्यासारखा. मी झोपेचं सांगितलं. त्याने पाण्याचा पाइप बंद केला. तो पाइप बंद करतो तेव्हा गोष्ट गंभीर असते. "डार्मा," तो म्हणाला (धर्मराज हे नाव त्याला पूर्ण पेलत नाही), "शी नीड्स टू फील सेफ. गेट अ सेमी-ऑटो." सेमी-ऑटो म्हणजे पिस्तूल.

इथे दुसरा कोणी असता तर "नो, थँक यू" म्हणून घरात आला असता. मी जन्माने बौद्ध. दर महिन्याला बे एरियातल्या आमच्या मंडळींची वंदना असते, तिथे पंचशील म्हणताना सगळ्यांच्या पुढे माझा आवाज असतो. मी डास मारत नाही, वही घेऊन त्याला खिडकीपर्यंत सोडायला जातो. पण माझा एक स्वभाव आहे. समोरच्याने एखादी वस्तू घे म्हटलं, की मी 'का' न विचारता 'कुठली' विचारतो. मी विचारलं, "कुठली?" आणि तिथेच माझा सत्यानाश झाला.

अर्लने अर्धा तास सांगितलं. ऑस्ट्रियाचं हलकं असतं, इटलीचं देखणं असतं, ब्राझीलचं परवडतं, आणि अगदी स्वस्तातलं घेऊ नकोस, ते तुझ्याच हातात फुटेल. मी आत येऊन कॉम्प्युटर लावला आणि तक्ता करायला घेतला. वजन, गोळ्या किती मावतात, सुटे भाग मिळतात का, वॉरंटी. रंगाचा रकानाही केला होता, पण सगळ्या रांगांत 'काळा' आल्यावर तो काढला.

तक्ता झाला की तो अनुपला दाखवायचा, ही आमची पद्धत. अनुप मिलपिटासला राहतो, मूळचा पुण्याचा, आणि बे एरियातल्या कुठल्याही मराठी घरात त्याला विचारल्याशिवाय मिक्सरसुद्धा येत नाही. तो तक्ता बघून म्हणाला, "रिसेल व्हॅल्यूचा कॉलम कुठाय?"

"अरे, पिस्तुलाला कसली रिसेल?"

"तसं नसतं यार. प्रत्येक गोष्टीत एक टोयोटा असते. तू दुकानात जा आणि सरळ विचार, यातली टोयोटा कुठली? आणि थँक्सगिव्हिंगपर्यंत थांब, सेल लागेल."

"अनुप, थँक्सगिव्हिंग संपलं की डिसेंबर." मग जरा चाचरत मी पहिल्या शीलाचं काढलं, प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं.

अनुपने विचार केला. "घेण्यात हिंसा नाही. झाडण्यात आहे. आणि तू काय झाडणार आहेस?"

मुद्दा धर्माच्या दृष्टीने बिनतोड होता. पण तो ज्या पद्धतीने हसला त्यावरून पिस्तूल घेणं मला आता भागच होतं.

मीराला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही, हे जास्त वाईट. ती म्हणाली, "घ्या. पुरुषांना काहीतरी विकत घेतल्याशिवाय सुचत नाही. पण एक ऐका. चौदा ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आपल्याकडे आहे, नागपूरहून भंतेजी येताहेत. त्या दिवशी ती वस्तू या घरात दिसली, तर मी डिसेंबरची वाट बघणार नाही."

दुकान हेवर्डला होतं. मालकाचं नाव हँक. दाढी, पोट आणि भिंतीवर तीन हरणांची डोकी. त्यांच्याकडे न बघता हँकशी बोलणं मला जड गेलं, कारण तिन्ही हरणं माझ्याकडेच बघत होती. मी टोयोटाबद्दल विचारलं. त्याला तो प्रश्न चक्क आवडला. "धिस वन," म्हणून त्याने एक नऊ मिलिमीटरचं काउंटरवर ठेवलं. साधं, जाडसर, चेहऱ्याने अगदी आपल्या ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखं. मी विचारलं, घरी नेऊन मिसेसना दाखवून आणलं तर चालेल का? हँक म्हणाला नाही. मी विचारलं, नाही आवडलं तर बदलून मिळेल का? हँकने हरणांकडे पाहिलं. मी म्हटलं, किमतीत काही कमीजास्त? तेव्हा त्याने मला एक टोपी फुकट दिली.

मग सरकारी भाग सुरू झाला. मी ग्रीन कार्डवाला, म्हणून मी खरोखर इथेच राहतो याचा पुरावा पाहिजे: घराच्या पत्त्यावर, माझ्या नावाने आलेलं एखादं बिल. मी घरी येऊन ड्रॉवर उपसला. वीज मीराच्या नावाने. पाणी मीराच्या नावाने. फोन मीराच्या नावाने, कारण ती माझ्याआधी या देशात आली आणि तिचं क्रेडिट चांगलं. केबल माझ्या नावाने होती, ती टीव्ही गेल्यावर मीच बंद केली. आठ वर्षं या देशात राहून मी कागदोपत्री कुठेच राहत नव्हतो. शेवटी एक बिल सापडलं ज्यावर माझं नाव ठळक छापलं होतं. ते कचऱ्याचं होतं. हँकने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "वर्क्स फॉर मी."

त्यानंतर परीक्षा. हँडगन घेणाऱ्याने सुरक्षिततेची लेखी परीक्षा द्यायची असते. हँक म्हणाला, सोपी आहे, पुस्तिका चाळून ये. चाळून? परीक्षा आणि चाळून? आमच्या घरात चाळून कोणी कधी पास झालेलं नाही. मी आठवडाभर पहाटे उठून पुस्तिका पाठ केली, महत्त्वाच्या वाक्यांखाली लाल रेघा मारल्या. संध्याकाळी रोशनी तोंडी घ्यायची.

"डॅड, समबडी हँड्स यू अ गन अँड सेज इट्स एम्प्टी. व्हॉट डू यू डू?"

"थँक यू म्हणतो."

"नो! ऑलवेज अझ्यूम इट्स लोडेड! डॅड, यू आर गोइंग टू फेल."

मी फेल झालो नाही. मला पैकीच्या पैकी मिळाले. हँक म्हणाला, असे मार्क त्याच्या दुकानात कोणी पाडलेले नाहीत, कारण एवढे लागतच नाहीत. मी ऑफिसात दोघातिघांना सांगितलं. मीराला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पेढे वाटू? कशाचे म्हणून सांगू?"

पैसे भरले, आणि मग कळलं की पिस्तूल मिळणार नाही. म्हणजे लगेच नाही. कायद्याने पंधरा दिवस थांबायचं. रागाच्या भरात पिस्तूल घ्यायला आलेल्या माणसाचा राग तेवढ्यात उतरावा, असा हेतू. माझ्यापुरता तो उलटा झाला. मी आलो होतो तेव्हा शांत होतो. आता मीरा रात्रीची उठत होती, नागपूरहून शाळेच्या फीचे आकडे येत होते, अनुप फोन करून "मिळाली का टोयोटा?" विचारत होता, आणि अर्ल सांगत होता की त्या किमतीत त्याने दुसरं घेतलं असतं. हे त्याने आता सांगितलं.

तरी माझा हिशेब पक्का होता. कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, की सोमवारी दुकानात जायचं. शनिवारी चौदा तारखेला सकाळी मी हॉलमध्ये चादरी अंथरत होतो. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला होता, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या मांडल्या होत्या, मीराने पुऱ्यांसाठी दारातलं लाटणंसुद्धा काढलं होतं. आणि हँकचा फोन आला. तो दुपारी हरणांच्या शिकारीला निघत होता. दुकान तीन आठवडे बंद. तोवर माझ्या कागदांची मुदत संपणार, मग परीक्षा सोडून सगळं पहिल्यापासून. कचऱ्याच्या बिलापासून.

मी मीराला म्हटलं, "फुलं कमी पडतील. घेऊन येतो."

बेत साधा होता. पिस्तूल घ्यायचं आणि परस्पर अर्लच्या तिजोरीत ठेवायचं. त्याच्याकडे बंदुकांची खास पोलादी तिजोरी आहे. हँकने एका काळ्या पेटीत ते घालून दिलं, पेटीला नंबराचं कुलूप. येताना फ्रीवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. अर्लच्या दारावर पोचलो तर तो घरात नाही. कुठे असेल? आमच्या घरात होता. मीराने त्याला जेवायला बोलावलं होतं. उघड्या दारातून मला दिसलं, तो पहिल्या रांगेत मांडी घालायचा प्रयत्न करत होता.

पेटी गाडीत ठेवावी, तर माझ्या कोरोलाच्या डिकीचं कुलूप कधीचं बिघडलेलं. शस्त्र उघड्या गाडीत ठेवू नये, हे पुस्तिकेत होतं, लाल रेघेखाली होतं. वरच्या बेडरूममध्ये न्यावी, तर मीराने सगळी पोरं वर सोडलेली, जिन्यावरसुद्धा पोरंच. शेवटी पैकीच्या पैकी मार्क मिळवणाऱ्या माणसाने जे करावं तेच मी केलं. पेटी उराशी धरून शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. फुलं आणायची राहूनच गेली.

भंतेजी पंचशील देत होते. वयस्कर, बारीक, चष्म्याआडून निवांत बघणारे. हात जोडायचे तर पेटी मांडीवर ठेवावी लागली. त्या अवस्थेत मी पहिलं शील म्हटलं. माझा आवाज नेहमी पुढे असतो, त्या दिवशी तो मलाच ऐकू आला नाही. चौथ्या शीलापर्यंत, खोटं न बोलण्याच्या, मला दरदरून घाम फुटला होता. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मीराने माझ्या मांडीकडे पाहिलं. तिला ओळखायला एक क्षण लागला नाही. ती रागावली असती तर बरं होतं. तिचा चेहरा नुसता थकला. ही आता डिसेंबरची वाट बघणार नाही, हे मला दिसलं.

आता भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की त्यांना चीवर, म्हणजे वस्त्र, द्यायचं, वस्तू द्यायच्या, ही आपली रीत. त्या दिवशीही लोकांनी खोकी आणली होती. दान गोळा करायचं काम मालिनीमावशींकडे, त्या आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी शेवटच्या रांगेत, घामाघूम, पेटी उराशी धरून बसलेला मी पाहिला आणि त्यांना भरून आलं.

"बघा, बघा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, "धर्मराज केव्हापासून हातात धरून बसलाय, जमिनीवरसुद्धा टेकवत नाही. ये बाबा पुढे. तुझ्याच हाताने दे."

"मावशी, ते… हे दान नाही."

"लाजू नको रे!" लोकांनी वाट करून दिली. साधु, साधु, साधु असा गजर झाला. मी पुढे गेलो कसा, ते मला माहीत नाही. मावशींनी पेटी माझ्या हातून घेतली, वजन बघितलं, "चांगलं भारीतलं दिसतंय," म्हणाल्या, आणि कानाशी धरून खुळखुळवली.

जिन्यावरून रोशनी किंचाळली, "मालिनी आजी, डोन्ट शेक इट! ऑलवेज अझ्यूम इट्स लोडेड!"

मावशींनी पेटी माझ्या हातात अशी परत दिली, जणू ती तापलेली होती.

"उपासक," भंतेजींनी विचारलं, "पेटीत काय आहे?"

चौथं शील घेऊन पाच मिनिटं झाली नव्हती. अनुप छताकडे बघत होता. मी म्हणालो, "पिस्तूल, भंतेजी. रिकामं आहे. मध्यम किमतीतलं."

"व्हिच वन?" अर्लने उत्साहाने विचारलं. त्याला एवढंच कळलं होतं.

भंतेजी रागावले नाहीत. चष्मा पुसून म्हणाले, "आम्हा भिक्खूंना एक नियम आहे. हातात शस्त्र असलेल्या माणसाला धम्म सांगायचा नाही."

मी पेटी खाली ठेवू लागलो. पहिल्या दोन रांगा मागे सरकल्या. "इथे नको!" मावशी ओरडल्या, "पोरं आहेत!" मी ती अनुपपुढे धरली. अनुपने हात मागे बांधले. मी पेटी धरून मध्ये उभा, तसबिरीतले बाबासाहेब माझ्याकडे बघताहेत, चाळीस माणसं प्रवचनासाठी आलेली, आणि माझ्यामुळे प्रवचन होऊ शकत नाही. आयुष्यात मी इतका एकटा कधी पडलो नव्हतो.

"नियमाला एक सवलत आहे," भंतेजी पुढे म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते, नियम पुरा सांगायचा म्हणून सांगत होते. "तो माणूस आजारी असेल, तर चालतं."

मी ताठ झालो. माझी प्रकृती उत्तम आहे, असं स्वाभिमानाने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"आजारीच आहेत, भंतेजी," मीरा म्हणाली. "तुम्ही सुरू करा."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी वाचलो असतो. चाळीस माणसांनी समजुतीने माना डोलावल्या, एकाने मला टेकायला उशी दिली, आणि भंतेजींनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. त्यांची खात्री पटली असावी. त्यांनी प्रवचन सुरू केलं. मी ते रुग्ण म्हणून ऐकलं.

जेवताना सगळ्यांनी माझी विचारपूस केली. मालिनीमावशींनी काढा लिहून दिला. अर्लने पेटी त्याच्या तिजोरीत नेली, आणि हँक शिकारीवरून आल्यावर मी पिस्तूल त्याला परत विकलं. त्याने ते सेकंडहँडच्या भावात घेतलं. एकही गोळी न झाडलेलं पिस्तूल सेकंडहँड कसं, यावर मी वाद घातला, पण हरणांपुढे टिकाव लागला नाही.

त्या दिवशी मंडळी गेल्यावर मी स्वयंपाकघरात डोकावलो. मीरा पाठमोरी, ओट्याला धरून उभी होती, खांदे हलत होते. "मीरा, हे बघ, मला तुझी झोप…" म्हणतो तोच ती वळली. डोळ्यांतून पाणी, आणि हसू आवरत नव्हतं. "मध्यम किमतीतलं!" एवढंच तिला म्हणता आलं. चोरी झाल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती. माझ्यावर हसत होती, हे खरं. पण निवडायला वाव नव्हता.

रविवारी सकाळी तिने नागपूरला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो.

"नाही बाबा, डिसेंबरात नाही जमणार. शाळेचं राहू द्या… अहो, यांची तब्येत जरा… नाही, घाबरण्यासारखं नाही. पण यांना एकटं सोडून येता यायचं नाही." मग रिसीव्हर माझ्याकडे करत ती म्हणाली, "बाबांना बोलायचंय."

"जावईबापू," सासऱ्यांचा आवाज काळजीने भरलेला, "काय होतंय तुम्हाला?"

मी मीराकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. प्रकृती उत्तम आहे, असं म्हणायला हरकत नव्हती.

"विशेष काही नाही, बाबा," मी म्हणालो. "अशक्तपणा आहे. बरेच दिवस राहील म्हणतात."

मीराने समाधानाने मान हलवली. आदल्या रात्री परत दारात घातलेलं लाटणं तिने उपसून काढलं, धुतलं आणि चपात्या करायला घेतल्या. ते पुन्हा दारात गेलं नाही.